निषेधासाठी एक तिकीट

निर्मळपासून पापडीपर्यंत वसईच्या कुठल्याही धर्मग्रामात जा, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक गृहस्थ हमखास भेटतील. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चेहऱ्यावर असा भाव, की काल रात्री जगात जे काही घडलं ते फक्त त्यांना आणि देवाला ठाऊक आहे, आणि देवालाही ते त्यांनीच कळवलंय. आमच्याकडच्या या गृहस्थांचं बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या जाडजूड वहीत आहे, पण गाव त्यांना सेन्सॉर अंकल म्हणतं. तोंडावर नुसतं अंकल.

अंकलना सिनेमा आवडत नाही, म्हणून ते एकही सोडत नाहीत. त्यातून ज्याच्याबद्दल ‘त्यात काहीतरी आहे’ अशी कुजबुज असेल, तो तर पहिल्याच आठवड्यात. बघितल्याशिवाय निषेध करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही आणि निषेध केल्याशिवाय बघणं आंटीच्या. या दोन तत्त्वांच्या आधारानं त्यांचा पन्नास वर्षांचा चित्रपटप्रवास सुखरूप पार पडला.

उभी हयात रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करण्यात गेली. तेव्हा वॅगनची नोंद ठेवावी तशी ते सिनेमाची ठेवतात. लाल कापडी बांधणीची फुलस्केप वही, रकाने तीन : वेळ, दृश्य, शेरा. एक पान मी चोरून वाचलंय. ‘०.४७. नायिका ओली. कारण पाऊस. (पाऊस अनावश्यक.)’ ‘१.०५. शयनगृह. दिवा मालवला. पुढचं दिसलं नाही, पण समजलं.’ ‘१.३१. पुन्हा पाऊस.’ आणि पानाच्या तळाशी लाल पेनानं वर्ग : अ, ब किंवा क.

हे अ-ब-क त्यांनी अमेरिकेकडून घेतलं. तिकडे १९३४ साली कॅथलिकांनी ‘लीजन ऑफ डीसन्सी’ नावाची आघाडी उभी केली. लोक चर्चमध्ये उभे राहून शपथ घेत, की आम्ही अनीतिमान चित्रपट पाहणार नाही. पुढं दर डिसेंबरात, निष्कलंक मातेच्या सणाच्या सुमारास, या शपथेची उजळणी होई. सिनेमांची वर्गवारी व्हायची आणि ‘क’ वर्ग म्हणजे धिक्कारलेला. १९५६ साली ‘बेबी डॉल’ आला तेव्हा न्यू यॉर्कचे कार्डिनल स्पेलमन स्वतः सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये प्रवचनाला उभे राहिले आणि हा सिनेमा पाहणं पाप आहे असं बजावून खाली उतरले. अंकल ही हकिगत सांगतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो. आपल्याकडे एवढीच उणीव आहे, त्यांचं म्हणणं. शपथ घ्यायला लोक एका पायावर तयार आहेत, पण यादी कोण करणार? यादी करायची तर कुणीतरी बघायला हवं. हा त्याग अंकलनी पत्करला.

एकदा त्यांनी ती यादी चर्चच्या सूचनाफलकावर लावलीही होती. आठवड्याभरात फादरांनी काढून ठेवली. “अंकल,” फादर म्हणाले, “तुमच्या ‘क’ वर्गाचे फोटो काढून पोरांनी एकमेकांना पाठवलेत. ‘अ’ वर्ग कुणी वाचलासुद्धा नाही.”

या सगळ्याला सुरुवात झाली १९७५ च्या ‘ज्युली’पासून. अंकल तेव्हा रेल्वेत नवे, मिशी काळी. पडद्यावरच्या मुलीचा बाप इंजिन ड्रायव्हर, घर ख्रिस्ती, आणि मुलगी लग्नाआधी गरोदर. म्हणजे एकाच तिकिटात रेल्वेची आणि धर्माची, दोघांचीही बेअब्रू. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण पहिल्या दिवशी रागाच्या भरात नीट दिसलं नव्हतं.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर या रागात मी त्यांच्या बाजूचा आहे. हिंदी सिनेमानं आम्हाला काय काय केलं! खलनायकाच्या पदरी असलेला रॉबर्ट आम्ही, बारमध्ये ग्लास पुसणारा मायकल आम्ही, दारू पिऊन गिटार वाजवणारा म्हातारा आम्ही. वसईत लाल लुगडं नेसलेल्या आमच्या आज्या पहाटे फुलांच्या टोपल्या घेऊन लोकल पकडायच्या, पानवेलीला पाणी लावायच्या, जपमाळ म्हणतच तांदूळ निवडायच्या. त्यांच्यापैकी एकही कॅमेऱ्यापुढं आली नाही. पडद्यावरची ख्रिस्ती बाई म्हणजे गुडघ्यावरचा फ्रॉक आणि तुटकं हिंदी. ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून नाचला, तेव्हा अंकलनी ‘ईस्टरचा आशय’ असा शेरा मारून त्याला ‘अ’ दिला. वाळवंटात तेवढीच हिरवळ.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९९८ मध्ये ‘फायर’ आला. दोन जावांचं प्रेम. मुंबईत थिएटरं फोडली गेली. अंकलनी दगडफेकीचा निषेध केला आणि सिनेमाचाही, एकाच पोस्टकार्डावर. “दगड मारणं आपलं काम नव्हे, आपण पत्र लिहितो,” ते म्हणाले आणि मग खासगीत, आवाज उतरवून, “शिवाय आपल्यात असलं नसतंच.” २००५ मध्ये ‘सिन्स’ आला, एक पाद्री आणि एक तरुणी. मुंबईतल्या ख्रिस्ती संघटना संतापल्या. अंकलनी मुंबई गाठली, फलकाचं एक टोक धरलं आणि फलक खाली ठेवल्यावर तीनचा खेळ गाठला. पाद्री केरळातला निघाला म्हणून परतीच्या गाडीत त्यांना जरा हलकं वाटलं. पुढच्याच वर्षी ‘दा विंची कोड’. तो प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि सगळं काल्पनिक असल्याची पाटी घेऊन झळकला. अंकलनी पाटी पूर्ण वाचली आणि स्पेलिंग तपासलं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस ढोंगी आहे. नाही. ढोंगी माणूस चोरून बघतो. अंकल पावती जपून ठेवतात. सिनेमा न बघता त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांची या देशात काय वाण आहे? त्यांच्यापुढं आमचा हा म्हातारा शेवटच्या नामावलीपर्यंत खुर्ची सोडत नाही. इतकं एकाग्र होऊन सिनेमा पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कुठला दिवा कुठल्या बाजूनं विझला, हे दिग्दर्शकाला आठवत नसेल, अंकलना आठवतं.

एका उपवासकाळात त्यांनी धर्मग्रामाच्या सभागृहात पासोलिनीचा ‘गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ दाखवायचं ठरवलं. १९९५ साली, सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून, व्हॅटिकननं ४५ उत्तम चित्रपटांची यादी केली होती आणि हा त्यात होता. म्हणजे खुद्द रोमचा ‘अ’. मला राहवलं नाही. मी सांगितलं, की अंकल, हा पासोलिनी कम्युनिस्ट होता, समलिंगी होता, आणि हा सिनेमा येण्याच्या आदल्याच वर्षी धर्माची विटंबना केली म्हणून इटलीच्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलं होतं. वर हेही सांगितलं, की पुढं १९६८ मध्ये त्याचा ‘तेओरेमा’ आला. एक पाहुणा श्रीमंताच्या घरी येतो आणि बायको, मुलगी, मुलगा, बाप, मोलकरीण अशी सगळ्या घराला भूल घालून निघून जातो. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला कॅथलिक ज्युरीनं पारितोषिक दिलं आणि मग व्हॅटिकननंच त्याचा निषेध केला.

अंकल बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बलामाच्या गोष्टीत देव गाढवीच्या तोंडून बोललाच ना? गणना, अध्याय बावीस.” आणि सिनेमा दाखवला. गाढवीचं नाव मात्र पत्रिकेत छापलं नाही.

बायबल आणि धर्मशिक्षण, दोन्हींत ते पक्के आहेत. कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो अधिकृत ग्रंथ आहे, त्याचा परिच्छेद २३५७ त्यांना तोंडपाठ आहे. समलिंगी संबंधांना चर्च मान्यता का देत नाही, ते त्यात सांगितलंय. कुणी या विषयाला हात घातला की अंकल लगेच, “तेवीसशे सत्तावन्न!” गाडीचा नंबर पुकारावा तसं. पुढचा अठ्ठावन्न मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याचं कारण पुढं कळलं.

अंकलचं दुसरं खातं म्हणजे लग्न. आमच्यात लग्न ठरलं की वधूवरांना विवाहपूर्व शिबिराला बसावं लागतं. तिथं डॉक्टर येतात, फादर येतात, आणि ‘संसारातील जबाबदारी’ या विषयावर पाऊण तास अंकल येतात. शिबिराबाहेर त्यांचा सल्ला बारमाही. स्थळं त्यांच्या ओसरीवरून जातात. पोरगा पितो? लग्न झालं की सुधारतो. पोरगा तापट आहे? लग्न झालं की निवतो. दिवसभर मोबाइलवर असतो, नोकरी टिकत नाही, चारचौघांत मिसळत नाही, मुली बघायला नेलं की ताप येतो? लग्न झालं की होतं सगळं ठीक. हा त्यांचा रामबाण. (हा शब्द ते फादरांसमोर वापरत नाहीत.) या औषधाचे रोगी पुढं कसे आहेत, याची मात्र लाल वहीत नोंद नाही.

अशा माणसाच्या घरी २०२४ च्या जानेवारीत ‘कादल : द कोअर’ शिरला.

हा मल्याळी सिनेमा आधीच्या नोव्हेंबरात थिएटरात लागला होता आणि तेव्हापासून अंकलच्या कानावर होता. मामूटीसारखा नट, निर्माताही तोच, आणि भूमिका कुणाची, तर समलिंगी माणसाची. तोही ख्रिस्ती! केरळातल्या एका बिशपांनी जाहीर विचारलं होतं, की या गोष्टीतली माणसं ख्रिस्तीच का? अंकलना हा सवाल फार आवडला. त्यांनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. सिनेमा प्राइमवर आल्याचं कळल्यावर मला बोलावणं आलं, कारण त्यांच्या टीव्हीचं आणि इंटरनेटचं लग्न मी लावून देतो. तेही अधूनमधून मोडतं.

अंकल आरामखुर्चीत, मांडीवर वही, निळं पेन हातात, लाल पेन कानावर. आंटी खाली परात घेऊन बिरडं सोलायला बसलेल्या. सिनेमा मल्याळी, खाली इंग्रजी अक्षरं. आंटींना ती वाचायला सवड नव्हती आणि गरजही नव्हती.

पहिली वीस मिनिटं अंकल खूश. कोट्टायमकडचं हिरवंगार गाव, चर्च, पांढऱ्या शर्टातला सभ्य मॅथ्यू, बँकेतून निवृत्त झालेला. शेजारी बायको ओमना, घरात म्हातारे वडील. ना कुणाच्या हातात ग्लास, ना गळ्यात गिटार. “बघ, बघ कसे शिस्तीत बसलेत,” अंकल मला म्हणाले. “याला म्हणतात ख्रिस्ती कुटुंब. पन्नास वर्षांत पहिल्यांदा!” मॅथ्यू पंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा राहतो, डाव्यांकडून. अंकलनी त्याकडेही काणाडोळा केला.

मग ओमना घटस्फोटाचा अर्ज टाकते. कारण : नवरा समलिंगी आहे.

अंकल सावरून बसले. लाल पेन कानावरून हातात आलं. “आता येईल,” ते म्हणाले.

पडद्यावर पाऊस सुरू झाला. अंकलनी माझ्याकडे अनुभवी नजरेनं पाहिलं. ड्रायव्हिंग शिकवणारा तंकन हा दुसरा माणूस. तो आणि मॅथ्यू एकमेकांना लांबून बघतात. गाडी निघून जाते. अंकलनी घड्याळ पाहून वेळेचा आकडा लिहिला आणि पुढचा रकाना मोकळा ठेवला. पुन्हा पाऊस. पुन्हा नजर. पुन्हा गाडी. “आता बघ,” अंकल म्हणाले. आला तो स्वयंपाकघरातला प्रसंग. तास उलटून गेला, तरी कुणी कुणाला हात लावला नाही, चुंबन नाही, दिवा विझला नाही, ओढणी ढळली नाही. वहीत वेळेचे आकडे एकाखाली एक, वॅगन रिकाम्या.

कोर्टात ओमनाला विचारतात आणि वीस वर्षांच्या संसारात दोघं किती वेळा जवळ आले, ते ती सांगते. आकडा एका हाताच्या बोटांवर मावेल एवढा. अंकल लिहायला वाकले आणि थबकले. “हे कुठल्या रकान्यात घालू?” त्यांनी मलाच विचारलं. दृश्य म्हणावं तर दृश्य नव्हतं.

“हिला पहिल्यापासून माहीत होतं,” आंटी खालून म्हणाल्या. परातीत सालं एका बाजूला, डाळिंब्या दुसऱ्या बाजूला. “तोंडावरून कळतं की.”

मग तो म्हातारा बाप. त्यालाही सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यानं मुलाचं लग्न लावलं होतं, होईल ठीक या आशेवर. अंकलचं पेन खाली आलं. कपाळावर घाम नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. पोटात अचानक आम्लपित्त उठलेल्या माणसासारखे ते सरळ झाले. थोड्या वेळानं घसा खाकरून म्हणाले, “हे लोक सिरो-मलबार. आपण लॅटिन पंथाचे.”

कुणी काही बोललं नाही.

“बापानं आपली काळजी मिटवली,” आंटी म्हणाल्या, “आणि वीस वर्षं कुणी काढली?” परात उचलून त्या आत गेल्या. अंकल घरात सामवेदी बोलतात, पण रागावले की त्यांच्या तोंडी बायबलचं मराठी येतं. तसं ते आता बोलू लागले, “स्त्रिये...” आणि पुढचं काही सुचलं नाही म्हणून टीव्ही बंद करायला उठले. तो त्यांना कधीच बंद करता येत नाही.

वर्ग देण्यासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी सिनेमा पुन्हा पाहिला, एकट्यानं, आवाज कमी करून. लाल पेन कोरडंच राहिलं. वहीत मी नंतर पाहिलं, ‘आक्षेपार्ह दृश्य’ यापुढं एक लांब आडवी रेघ होती आणि वर्गाच्या जागी अ, ब, क तिन्ही लिहून तिन्ही खोडलेले. वॅगन कुठल्या रुळावर घ्यायची, ते ठरत नव्हतं.

तरी निषेध व्हायलाच हवा होता. धर्मग्रामाच्या मासिक बैठकीत अंकलनी विषय मांडला. आमचे धाकटे फादर तिशीतले, मोटरसायकलवर फिरतात. ते म्हणाले, “अंकल, सिनेमा आला नोव्हेंबरात. त्यानंतर डिसेंबरच्या अठरा तारखेला रोमचं निवेदन आलंय. समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं तर फादर आशीर्वाद देऊ शकतात. लग्न म्हणून नाही, विधी म्हणून नाही, पण देऊ शकतात. मग आपण निषेध नक्की कशाचा करायचा?”

अंकलना ते निवेदन माहीत होतं. ते त्यांनी छापून आणून दोनदा वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा रोमवरचा विश्वास अबाधित असला तरी जरा दुखावलेला होता. ज्या सैन्यासाठी आपण हयातभर खिंड लढवली, त्याच्या सेनापतीनंच मागच्या दारानं शत्रूला चहा पाजावा, तसं. त्यांनी अखेरचा बाण काढला. “तेवीसशे सत्तावन्न!”

“पुढचा वाचा,” फादर म्हणाले.

ग्रंथ पिशवीत होताच. अंकलनी पान काढलं, तर तिथं खुणेसाठी ठेवलेलं संत जोसेफचं चकचकीत चित्र. वसईच्या कितीतरी पावसाळ्यांत ते पानाला चिकटून बसलेलं, बरोबर २३५८ वर. अंकलनी नखानं अलगद सोडवलं. चित्र निघालं, पण निम्मा परिच्छेद घेऊन निघालं. संत जोसेफच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटली होती. जे पानावर उरलं होतं ते आणि जे जोसेफच्या पाठीवर गेलं होतं ते, असं आलटून पालटून, चष्मा कपाळावर सरकवत अंकलनी बैठकीत मोठ्यानं वाचलं : अशा माणसांचा आदरानं आणि कळवळ्यानं स्वीकार करावा, अन्यायाचा भेदभाव टाळावा. वाचून झाल्यावर त्यांनी जोसेफला शर्टाच्या खिशात ठेवलं, दोन पेनांच्या मधे. मग पुढचा विषय निघाला, सभागृहाचं गळकं छत.

निषेधाचं पत्र त्यांनी लिहिलंच. मला टाइप करायला दिलं, म्हणून मजकूर ठाऊक आहे. चार पानांचं पत्र आणि आक्षेप एकच, पण तो असा की दिग्दर्शक जिओ बेबी यांनाही स्वप्नात सुचला नसता. ओमना कॅथलिक असूनही घटस्फोटासाठी दिवाणी कोर्टात गेली, ही प्रक्रियात्मक चूक आहे. कॅथलिक विवाहात घटस्फोट नाही. मात्र संमतीतच खोट असेल तर विवाह मुळातच झाला नव्हता असं चर्चचं न्यायासन ठरवू शकतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली असून पूर्वीसारखे दोन निकाल लागत नाहीत. दिवाणी बाजूबद्दलही दोन ओळी होत्या : १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे असे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला आणखी काही सिद्ध करावं लागे, ही विषमता २००१ ला गेली. ‘तेव्हा सदर महिलेनं दोन्ही ठिकाणी अर्ज करावा,’ असं पत्राच्या शेवटी होतं. ‘आपला नम्र, एक प्रेक्षक.’

मी म्हणालो, “अंकल, हा निषेध आहे की वकिली सल्ला?”

“निषेध,” ते ठामपणे म्हणाले. “तिला वीस वर्षं कुणी सांगितलंच नाही.”

पत्र कुठं छापून आलं नाही. अंकलचंही मतपरिवर्तन वगैरे झालेलं नाही. ‘आपल्यात असलं नसतं’ हे ते अजून म्हणतात, फक्त ‘सहसा’ जोडतात. शिबिरातलं भाषण पाऊण तासाचंच आहे, पण त्यात आता एक भर पडलीय. लग्नाआधी फादर वधू आणि वर दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, की तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना? हा प्रश्न चर्चच्या कायद्यात पूर्वीपासून आहे आणि पोरं ‘नाही फादर’ म्हणून कॅटररला फोन करायला बाहेर पळतात. अंकल हल्ली सांगतात, “घाईनं उत्तर देऊ नका. फादरांना वेळ असतो.”

परवा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. गावातलीच एक बाई मुलाची माहिती लिहिलेला कागद घेऊन आली. मुलगा शिकलेला, पगार चांगला, वय तेहतीस. चार स्थळं झाली, चारही त्यानं नाकारली. “मुलींत त्याचं मनच लागत नाही हो अंकल,” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “विचारलं तर खोलीचं दार लावून बसतो. पण लग्न झालं की होईल ना सगळं ठीक?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

अंकलनी कागद दोनदा वाचला. घडी घातली, उघडली, परत घातली. मग म्हणाले, “तुमच्याकडे प्राइम आहे का?”

“पोराच्या मोबाइलवर आहे. का?”

“एक सिनेमा आहे, मल्याळी. खाली इंग्रजी येतं. तुम्ही आणि मुलाचे वडील, दोघं बसून बघा. मुलाला सांगू नका आम्ही सांगितलं म्हणून. आणि मग या.”

बाई गोंधळली. सेन्सॉर अंकल सिनेमा बघा म्हणतायत, हे गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता. तिनं आवाज अगदी बारीक केला. “त्यात घाणेरडं तर काही नाही ना?”

“नाही,” अंकल म्हणाले. “मी तीन वेळा शोधलं.”